काचेच्या भिंतीवर थांबलेली हवा

रावेर तालुक्यातील एका पशुवैद्यकीय दवाखान्यात माझा भाचा काम करतो. गायीम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या रेतमात्रा तिथे द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या असतात, आणि गावोगाव जाताना तो तीन लिटरचा ॲल्युमिनियमचा लहान डबा मोटारसायकलला बांधून नेतो. मागच्या एप्रिलमध्ये तो भुसावळला घरी आला, तेव्हा टेकण्याआधीच त्याने तक्रार सांगितली, "मावशी, डबाले रोज घाम येस. नायट्रोजन आठ दिन बी टिकस नही." हाच डबा पूर्वी एकदा भरला की वीस दिवस चालत असे.

डबा मी हातात घेऊन पाहिला. मानेखालचा पत्रा ओला होता आणि हाताला गार लागत होता. एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा ४३ अंशांवर जातो आणि हवा इतकी कोरडी असते की वाळत घातलेली चादर अर्ध्या तासात कडक होते. अशा हवेत पत्र्यावर दव धरायचे तर तो पत्रा बराच थंड झालेला असला पाहिजे. दोन भिंतींच्या मधल्या पोकळीतला निर्वात बिघडला होता आणि बाहेरची उष्णता त्या वाटेने आत शिरत होती. भाच्याचा पुढचा प्रश्न सरळ होता. डबा कुठे चेपलेला नाही, सांधा उकललेला नाही, मग हवा आत शिरली कुठून? मी त्याला सांगितले की एखादे सूक्ष्म छिद्र असेलही, परंतु बाहेरून एकही रेणू आत न येता निर्वात बिघडू शकतो, कारण ज्या पोकळीला आपण रिकामी म्हणतो तिच्यातले बहुतेक वायू पोकळीत नसतातच, ते भिंतीवर असतात. त्याला हे पटले नाही. मला स्वतःला ते पटायला तीन आठवडे लागले होते, आणि ते आठवडे मी काचेपुढे बसून काढले होते.

माझ्या संशोधनाचा तो पहिलाच उन्हाळा होता. काचेची भुकटी द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला नेली की तिच्या पृष्ठभागावर किती वायू बसतो, हे मला मोजायचे होते. सगळे उपकरण काचेचे होते : पंपाकडून येणारी जाड नळी, तिच्यावर ग्रीज लावलेले स्टॉपकॉक, म्हणजे काचेच्या तोट्या, दाब मोजणारा पाऱ्याचा मॅनोमीटर, नमुन्याचा लहानसा फुगा, आणि पंप व नमुना यांच्या मध्ये इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा कोल्ड ट्रॅप, म्हणजे नको असलेले वायू थंडीने धरून ठेवणारी नळी, जो उघड्या तोंडाच्या थर्मासात, द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवलेला असे. सकाळी दाब हवा तितका खाली जाई. दुपारी दोननंतर तो हळूहळू चढू लागे आणि चार वाजेपर्यंत मोजमाप करण्याजोगी स्थिती उरत नसे. आम्ही गळती शोधायला लागलो. ठिणगीच्या कॉइलची टोके प्रत्येक सांध्यावरून फिरवली, कापसाच्या बोळ्याने ॲसिटोन लावून दाबाचा काटा हलतो का ते पाहिले, सगळे स्टॉपकॉक काढून, पुसून, नव्याने ग्रीज लावून बसवले. छिद्र सापडले नाही. उत्तर सापडले ते वहीत, आणि ते सांगण्याआधी भिंतीवर वायू थांबतो म्हणजे नेमके काय होते ते सांगणे भाग आहे.

कोळशाचा तुकडा वायू ओढून घेतो हे १७७३ मध्ये स्वीडनच्या कार्ल शेले याने नोंदवले होते. परंतु वायू कोळशाच्या आत मुरतो की त्याच्या पृष्ठभागावर बसतो, हा भेद करणारा वेगळा शब्द १८८१ मध्ये हाइनरिश कायझर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने रूढ केला. मराठीत त्याला अधिशोषण म्हणतात, काही जण पृष्ठशोषण म्हणतात. मला दुसरा शब्द अधिक स्पष्ट वाटतो, पण पाठ्यपुस्तकांत पहिला रुळला आहे म्हणून तोच वापरते. स्पंज पाणी पितो तसे येथे होत नाही. काचेच्या अंतरंगात नायट्रोजन शिरत नाही. तो फक्त तिच्या शेवटच्या अणूंच्या वर, एकेका रेणूच्या जाडीने बसतो.

बसतो म्हणजे तरी काय? काचेच्या पृष्ठभागावरचे अणू आणि जवळ आलेला रेणू यांच्यात एक दुबळे आकर्षण असते. त्याचे स्पष्टीकरण फ्रिट्झ लंडन याने १९३० मध्ये दिले. रेणूतले इलेक्ट्रॉन सतत हलत असल्यामुळे क्षणोक्षणी त्याची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन होते, शेजारच्या अणूंवर त्याचा परिणाम होतो, आणि दोघांमध्ये ओढ निर्माण होते. रासायनिक बंधाच्या मानाने ही ओढ फार कमी असते. नायट्रोजनचा रेणू काचेवरून सोडवायला लागणारी ऊर्जा साधारणपणे एका मोलला दहा-पंधरा किलोज्यूल एवढीच. भिंतीवर येऊन आदळलेला रेणू तिथे चिकटून राहत नाही; तो थोडा वेळ थांबतो, उष्णतेच्या हिसक्याने सुटतो आणि निघून जातो. सगळा प्रश्न या थोड्या वेळाचा आहे.

भुसावळ जंक्शनवर राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. फलाटावर गर्दी किती आहे हे दोन गोष्टींवर ठरते : दर मिनिटाला किती प्रवासी येतात, आणि आलेला प्रवासी किती वेळ थांबतो. येणाऱ्यांची संख्या तीच राहिली आणि गाड्या चार तास उशिरा धावू लागल्या, तर फलाटावर पाय ठेवायला जागा राहत नाही. काचेच्या पृष्ठभागावरची गर्दीसुद्धा याच गुणाकाराने ठरते, आणि गाडीला उशीर करण्याचे काम येथे थंडी करते.

हा उशीर किती मोठा असतो हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. सुटण्याची ऊर्जा एका मोलला १५ किलोज्यूल धरली, तर घरातल्या तापमानाला, म्हणजे ३०० केल्विनला, रेणू काचेवर सरासरी ४० पिकोसेकंद थांबतो. एका सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले चाळीस. तोच रेणू ७७ केल्विनला, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला, सुमारे दीड मिलिसेकंद थांबतो. दीड मिलिसेकंद आपल्याला काहीच वाटत नाही, परंतु पहिल्या मुक्कामाच्या मानाने तो जवळजवळ पावणेचार कोटी पट मोठा आहे. परिणाम असा की घरातल्या तापमानाला पूर्ण एक वातावरणाचा दाब असूनही नायट्रोजनने काचेची जेमतेम दोन टक्के जागा व्यापलेली असते, आणि ७७ केल्विनला एका पास्कलच्या दाबाला, म्हणजे वातावरणाच्या एक लाखांश दाबालाही, एका रेणूच्या जाडीचा थर बहुतांश भरून जातो. तापमान तीन-चार पटींनी उतरते आणि मुक्काम कोटींच्या पटीत वाढतो, कारण ऊर्जा आणि तापमान यांचा भागाकार घातांकात बसलेला आहे. मला हे समीकरण पहिल्यांदा समजले त्या दिवशी मी ते वहीच्या चार पानांवर वेगवेगळे आकडे घालून सोडवून पाहिले होते.

काचेवर वायू किती बसतो हे नीट मोजून दाखवण्याचे श्रेय अर्व्हिंग लँगम्यूर यांचे. १९०९ मध्ये ते अमेरिकेतल्या स्केनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले, आणि त्यांच्यापुढचा प्रश्न अगदी व्यवहारातला होता : विजेच्या दिव्याचा फुगा आतून काळा का पडतो? त्यांच्या लक्षात आले की दोष पंपाचा नसून काचेचा आहे. काचेच्या भिंतीवर थांबलेली पाण्याची वाफ दिवा तापला की सुटते, तप्त तारेवर तिचे विघटन होते, ऑक्सिजन टंगस्टनला घेऊन वाफेच्या रूपाने काचेवर जाऊन बसतो, तिथे हायड्रोजनचे सुटे अणू त्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन काढून घेतात, पुन्हा पाणी तयार होते आणि काचेवर धातू तेवढा उरतो. पाण्याचा अत्यल्प साठा असा फिरत राहतो आणि तार झिजत राहते. काचेच्या पृष्ठभागावर काय बसलेले असते याकडे त्यांचे लक्ष या वाटेने गेले.

१९१८ मध्ये त्यांनी काच, अभ्रक आणि प्लॅटिनम यांच्या सपाट पृष्ठभागांवर वायू किती बसतात याची मोजमापे प्रसिद्ध केली. कोळशासारखा सच्छिद्र पदार्थ न घेता सपाट पृष्ठभाग घेण्यात त्यांचा विचार होता, कारण सपाट पत्र्याचे क्षेत्रफळ पट्टीने मोजता येते आणि मग बसलेल्या वायूला क्षेत्रफळाने भागून थराची जाडी काढता येते. साध्या तापमानाला काच आणि अभ्रक यांवर हे वायू मोजण्याइतके बसतच नव्हते. तापमान उणे ११८ आणि उणे १८३ अंशांपर्यंत उतरवल्यावर हायड्रोजन सोडून बाकीचे वायू चांगल्या प्रमाणात बसू लागले. ऑक्सिजन, आर्गॉन, नायट्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड अशा चढत्या क्रमाने. आणि दाब कितीही वाढवला तरी बसलेल्या वायूची रास एका रेणूच्या थरापेक्षा थोडी कमीच राहत होती. वातावरण जमिनीजवळ दाट आणि वर विरळ होत जाते, तसे काचेभोवती वायूचे दाट वेष्टन असावे अशी त्या काळी अनेकांची समजूत होती. लँगम्यूर यांच्या आकड्यांनी तिच्या जागी दुसरे चित्र उभे केले : पृष्ठभागावर ठरावीक जागा आहेत, एका जागेवर एकच रेणू, आणि येणारे व जाणारे सारखे झाले की तोल साधला. १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना पृष्ठभागांच्या रसायनासाठी मिळाले.

काच मात्र या चित्राइतकी शिस्तीची नाही. तिच्यातले अणू स्फटिकासारखे रांगेत नसतात, त्यामुळे सगळ्या जागा सारख्या नसतात. काही ठिकाणी ओढ जास्त, काही ठिकाणी कमी. शिवाय काचेचा उघडा पृष्ठभाग सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचाच नसतो. हवेतल्या वाफेशी संबंध आला की सिलिकॉनच्या अणूंना हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या जोड्या, जोडले जातात, आणि पूर्ण भरलेल्या पृष्ठभागावर ते एका चौरस नॅनोमीटरला सुमारे पाच असतात. या गटांवर पाणी घट्ट बसते. नायट्रोजनचा रेणूसुद्धा, त्याच्यातल्या विद्युतभाराच्या असमान वाटणीमुळे, या गटांकडे विशिष्ट दिशेने तोंड करून बसतो. आर्गॉनला अशी दिशा नसते, म्हणून हल्ली काही पदार्थांसाठी ८७ केल्विनला आर्गॉन वापरून मोजणे अधिक भरवशाचे मानतात. मला हे योग्य वाटते, कारण मोजपट्टीने मोजायच्या वस्तूशी जितकी कमी सलगी करावी तितके बरे.

एक थर भरल्यावर दुसरा बसत नाही असे नाही. नायट्रोजनचा दाब वाढवत नेला की पहिल्या थरावर दुसरा, त्यावर तिसरा असे थर चढतात, आणि दाब संपृक्त झाला की सरळ द्रवच साठू लागतो. थंड काचेवर फुंकर मारली की जे धुके दिसते ते शेवटच्या पायरीवरचे. ते डोळ्यांना दिसते कारण ते हजारो थरांचे थेंब असतात. अधिशोषण त्याच्या बरेच आधी, काहीही दिसत नसताना झालेले असते. अनेक थरांचा हिशेब १९३८ मध्ये स्टीव्हन ब्रुनॉवर, पॉल एमेट आणि एडवर्ड टेलर यांनी मांडला. पहिल्या दोघांना अमोनिया तयार करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लोहाच्या उत्प्रेरकाचे खरे क्षेत्रफळ हवे होते. त्यांच्या समीकरणातून पहिला थर भरायला लागणारा वायू काढता येतो, नायट्रोजनचा एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो असे धरले की क्षेत्रफळ हाती येते, आणि आजही भुकटीचे क्षेत्रफळ याच रीतीने मोजतात. समीकरण सर्व दाबांना लागू पडत नाही. संपृक्त दाबाच्या साधारण पाच ते तीस टक्के या पट्ट्यातच त्याची सरळ रेषा येते, आणि विद्यार्थ्याने हा पट्टा सोडून काढलेल्या उत्तरावर मी कधीही सही केली नाही.

आमच्या प्रयोगात मोजमाप याच पट्ट्यात करायचे होते. भुकटी दहा ग्रॅम होती आणि तिचे कण सरासरी पाच मायक्रॉनचे होते. काचेची घनता २.५ धरून हिशेब केला तर अशा भुकटीचे क्षेत्रफळ जवळजवळ ४.८ चौरस मीटर येते. तीच दहा ग्रॅम काच एकसंध असती तर दोन सेंटीमीटर व्यासाची मोठी गोटी झाली असती, आणि तिचे क्षेत्रफळ १२ चौरस सेंटीमीटर भरले असते. दळल्यामुळे ते सुमारे चार हजार पट झाले. सामान्य दाब आणि शून्य अंश तापमानाचा एक घनसेंटीमीटर नायट्रोजन एकेक रेणू करून पसरला तर ४.३५ चौरस मीटर जागा झाकतो. म्हणजे आमच्या भुकटीवर पहिला थर बसायला १.१ घनसेंटीमीटर वायू पुरणार होता, आणि तो आमच्या मॅनोमीटरवर वाचता येत होता. गोटी घेतली असती तर बदल पाऱ्याच्या कडेच्या जाडीत हरवला असता.

हे मोजताना जे दिसते ते मला आजही डोळ्यांपुढे आणता येते. आधी हेलियम सोडून कणांमधली आणि नळ्यांमधली मोकळी जागा मोजायची, कारण ७७ केल्विनलाही हेलियम काचेवर जवळजवळ बसत नाही. मग तो काढून टाकून नायट्रोजनचा मोजका घोट सोडायचा. पारा एका खुणेवर उभा असतो. खालून द्रवरूप नायट्रोजनचा थर्मास हळू उचलत नमुन्याच्या फुग्याभोवती आणला की प्रथम खळखळ उकळी येते, पांढरी वाफ टेबलावरून खाली ओघळते, आणि पारा सरकू लागतो. वायू थंड झाल्यामुळे दाब उतरायचा तेवढा एका मिनिटात उतरतो. त्यानंतर उकळी थांबलेली असते, सगळे शांत असते, आणि तरीही पारा सरकतच राहतो, केसभर, पुन्हा केसभर, वीस मिनिटे, कधी अर्धा तास. ती प्रत्येक केसभर हालचाल म्हणजे कणांच्या फटींतून आत आत जाऊन रिकाम्या जागा धरणारे रेणू. थर्मास खाली घेतला की पारा उलटा चालू लागतो आणि बरोबर पहिल्या खुणेवर येऊन थांबतो. काहीही जळलेले नसते, काहीही बदललेले नसते.

आता त्या वहीविषयी. दाब दुपारी चढतो हे लिहिता लिहिता मी तिसऱ्या आठवड्यात ट्रॅपभोवतीच्या थर्मासातली नायट्रोजनची पातळीही लिहू लागले. सकाळी ती काठोकाठ असे. बाहेर ४४ अंश आणि खोलीत ३८ असताना दुपारपर्यंत ती चार बोटे खाली जाई. दोन रकाने शेजारी शेजारी आल्यावर दिसले की दाब घड्याळाप्रमाणे चढत नव्हता, तो पातळीप्रमाणे चढत होता. पातळी उतरली की ट्रॅपच्या काचेचा जो पट्टा सकाळी बुडालेला होता तो उघडा पडे, गरम होई, आणि त्याच्यावर सकाळपासून थांबलेले कार्बन डायऑक्साइडसारखे वायू सुटून पुन्हा नळीत येत. थर्मास दोन बोटे वर उचलला, काही मिनिटांत दाब खाली आला. नळीला छिद्र असते तर बाहेरची हवा थर्मास उचलल्यामुळे थांबली नसती.

हे वायू मुळात ट्रॅपमध्ये आले कुठून, याचे उत्तरही काचेतच होते. आम्ही उपकरण पंपाला जोडून रात्रभर ठेवत होतो आणि तेवढ्याने ते स्वच्छ झाले असे मानत होतो. एक लिटरच्या गोल काचेच्या भांड्याच्या आतल्या भिंतीवर नायट्रोजनचा एक थर बसला तर त्यात साधारण तीन लाख अब्ज रेणूंचे हजार गठ्ठे मावतात. त्याच भांड्यात दाब दहा हजारांश पास्कलपर्यंत उतरवला, तर पोकळीत उरलेले रेणू त्याच्या दहा हजारांश भागाहूनही कमी असतात. साध्या तापमानाला भिंतीवर नायट्रोजन नसतो, पण पाणी असते, आणि ते पंपाला दाद देत नाही, कारण त्याचा मुक्काम लांब असतो. त्याला हलवायचे तर तापमान वाढवावे लागते. आम्ही नळ्यांना तापवण्याची पट्टी गुंडाळली आणि पंप चालू ठेवून रात्रभर ३५० अंशांवर काच भाजली. बोरोसिलिकेट काच ५०० अंशांच्या आसपास नरम पडण्याच्या वाटेला लागते म्हणून त्याच्या बरेच खाली थांबलो, आणि स्टॉपकॉकवरचे ग्रीज वितळू नये म्हणून तेवढी जागा सोडली. पहाटे पंपाच्या तोंडाशी दाब वाढलेला होता. सकाळी काच निवल्यावर तो जिथे गेला तिथे याआधी कधी गेला नव्हता, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहिला.

भुकटी करण्याची गरज नसलेलीही एक काच आहे. बोरोसिलिकेटचे एक विशिष्ट मिश्रण तापवून ठेवले की त्याच्यात बोरॉनची जास्त आणि सिलिकाची जास्त असे दोन भाग एकमेकांत गुंतून वेगळे होतात. बोरॉनचा भाग आम्लाने धुऊन काढला की सिलिकेचा सांगाडा उरतो, आणि त्याच्यात सुमारे चार नॅनोमीटर रुंदीच्या वाटा असतात. व्हायकॉर या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिचा तुकडा हातात घेतला तर नेहमीच्या काचेसारखाच, किंचित निळसर दुधी. पण एका ग्रॅममध्ये शंभराहून अधिक चौरस मीटर पृष्ठभाग असतो. आपल्या मापात सांगायचे तर एका ग्रॅमला एक गुंठ्याहून जास्त, आणि त्या काचेचे चाळीस ग्रॅम म्हणजे एकराहून जास्त जमीन. ही काच उघडी ठेवली तर हवेतली सेंद्रिय वाफ धरून पिवळी पडते. थंड नायट्रोजनमध्ये तिच्या अरुंद वाटांच्या भिंतींवर थर वाढत जातात आणि संपृक्त दाबाच्या बऱ्याच आधी वाटच द्रवाने भरून जाते. एवढ्या अरुंद जागेत द्रवाचा पृष्ठभाग वाकडा असल्याने त्याच्या वरचा बाष्पदाब कमी होतो. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८७१ मध्ये हे समीकरण दिले होते. भरताना आणि रिकामे होताना दाबाचा मार्ग वेगळा येतो, आणि दोन रेघांमध्ये जो फुगीर पट्टा तयार होतो त्यावरून आतल्या वाटांचा आकार कळतो.

याहूनही खाली, २.१७ केल्विनच्या खाली, हेलियमसुद्धा काचेला सोडत नाही. त्याचा सुमारे ३० नॅनोमीटर जाडीचा थर काचेच्या भांड्याच्या भिंतीवर चढतो, काठावरून पलीकडे जातो आणि भांडे आपोआप रिते होते. मी ते प्रत्यक्ष पाहिलेले नाही.

भाच्याच्या डब्याकडे परत येते. घरातल्या काचेच्या थर्मासाची कल्पना जेम्स ड्यूअर यांची, १८९२ ची. तिच्यातला हिशेब त्याला कागदावर करून दाखवला. एक लिटरच्या रिफिलच्या, म्हणजे थर्मासातल्या काचेच्या भांड्याच्या, दोन भिंतींमध्ये पाच मिलिमीटरची फट धरली, तर फटीत सुमारे ३०० घनसेंटीमीटर जागा आणि तिला लागून सुमारे १२०० चौरस सेंटीमीटर भिंत. त्या भिंतीवर पाण्याचा एक रेणूभर थर असेल आणि तो सगळा सुटला, तर फटीत दाब १५ पास्कल होईल. उष्णता अडवण्यासाठी रेणूंची धाव, म्हणजे एका टकरीपासून दुसरीपर्यंतचे सरासरी अंतर, फटीच्या रुंदीपेक्षा खूप मोठी व्हावी लागते. एका पास्कलला ती सात मिलिमीटरच्या आत असते, शंभरांश पास्कलला सुमारे ६६ सेंटीमीटर. एकाच अदृश्य थराने निर्वात हजार पटींनी बिघडतो, म्हणून कारखान्यात रिफिलची शेपटी वितळवून बंद करण्याआधी काच तापवून हवा काढतात. ड्यूअर यांनी पुढे कोळसाही वापरला. द्रवरूप हवेने थंड केलेला कोळसा उरलेले वायू धरून ठेवतो.

नायट्रोजनच्या डब्यातही हीच युक्ती असते. आतल्या भांड्याला बाहेरून, म्हणजे निर्वाताच्या बाजूने, कोळशाची किंवा आण्विक चाळणीची, म्हणजे रेणूंच्या मापाची छिद्रे असलेल्या पदार्थाची, भुकटी लावलेली असते. आत नायट्रोजन असेपर्यंत ती ७७ केल्विनच्या आसपास राहते आणि भिंतींतून वर्षानुवर्षे झिरपत येणारा वायू गिळत राहते. डबा कोरडा पडला की ती गरम होते आणि गिळलेले परत देते. म्हणून मी भाच्याला सांगितले की भरलेला डबा रिता करून कपाटात ठेवण्याची सवय सोड, आणि बिघडलेला डबा उन्हात ठेवून बघण्याने काही होणार नाही, तो निर्वात पुन्हा करणाऱ्यांकडे पाठवावा लागेल. त्याने वरिष्ठांना तसे कळवले. तोपर्यंत त्याने केळीच्या वखारीतल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर डबा रोज सकाळी ठेवून वजन लिहून ठेवले. सरासरी घट दिवसाला तीनशे ग्रॅम निघाली. द्रवरूप नायट्रोजनचे वजन लिटरला ८०० ग्रॅमच्या थोडे वर असते, तेव्हा त्याचे आठ दिवस बरोबर जुळत होते.

डबा जूनमध्ये दुरुस्त होऊन आला. भरल्यानंतरच्या पहिल्या दिवशी त्याने फोन केला, तेव्हा त्याचा आवाज उतरलेला होता, कारण काट्यावर घट २९० ग्रॅम दिसत होती. मी त्याला आणखी तीन दिवस थांबायला सांगितले. साध्या तापमानावरून निघालेला डबा आतपर्यंत थंड व्हायला आणि त्याच्यातल्या भुकटीने उरलेले वायू ओढून घ्यायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी १६० ग्रॅम, तिसऱ्या दिवशी १३०, चौथ्या दिवशी १२० आणि पाचव्या दिवशीही १२०. पत्रा कोरडा होता, असे त्याने रकान्याच्या कडेला लिहिले आहे.